उडी, डौल आणि वयात येणारी मुलगी



काही दिवसांपूर्वी बदलापूरहून एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगी लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स आणि दोरीचा मल्लखांब करते. तक्रार एवढीच होती, की उजवी नडगी दुखते आणि उडी मारून उतरलं की जास्त दुखते. बोलता बोलता बाकीच्या गोष्टी बाहेर आल्या. गेल्या दीड वर्षात तिचं वजन वाढलं होतं आणि पूर्वी सहज जमणारे प्रकार अडखळू लागले होते. "वजन आवर," असं क्लासमध्ये कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हापासून ती रात्री अर्धी पोळी खाऊन उठत होती. पाळी चार महिने आलेली नव्हती. आईंना ती गोष्ट फारशी काळजीची वाटली नव्हती, कारण "खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच" असं त्यांनी ऐकलं होतं.

जाताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मुलगी वयात आली की तिचा खेळ संपतोच का हो?"

या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही, म्हणून हा लेख. उत्तर शोधायला आपल्याला उल्हासनगर-अंबरनाथच्या उकाड्यातून थोडं बर्फावर जावं लागेल. मुलींच्या खेळात उडीला किती महत्त्व द्यायचं आणि डौलाला किती, हा वाद शंभर वर्षं उघडपणे चालला आहे तो फिगर स्केटिंगमध्ये. ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर तुम्ही ते पाहिलं असेल: संगीताच्या तालावर बर्फावर घसरत जाणं, गिरक्या आणि मध्येच हवेत उंच उडी.

उडी मारली म्हणून ताकीद

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये थेरेसा वेल्ड या अमेरिकन खेळाडूने आपल्या सादरीकरणात साल्काव नावाची उडी मारली. तिला कांस्यपदक मिळालं, पण अशा उड्या बाईमाणसाला शोभत नाहीत अशी समजही मिळाली, असं या खेळाचा इतिहास सांगतो. त्या काळी घोट्यापर्यंत येणारे घेरदार स्कर्ट घालून स्केटिंग होत असे. पुढे नॉर्वेच्या सोन्या हेनीने आखूड स्कर्ट घातला, नृत्याची ढब आणली आणि १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली.

तरीही कित्येक दशकं सर्वांत जास्त गुण ना उडीला होते ना नृत्याला. ते होते बर्फावर आठाच्या आकाराच्या अचूक रेषा कोरण्याला. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाने या आकृत्यांच्या जोरावर सुवर्णपदक मिळवलं, पण मुक्त सादरीकरणात ती सातवी होती. टीव्हीवर फक्त सादरीकरण पाहणाऱ्यांना हा निकाल कळेना. मग आकृत्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९०नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून गेल्याच. त्या रिकाम्या जागेत उडी शिरली. १९८९मध्ये जपानच्या मिदोरी इतोने जागतिक स्पर्धेत साडेतीन गिरक्यांची ट्रिपल ॲक्सल उडी मारली आणि ती स्पर्धा जिंकली. हे करणारी ती पहिली महिला.

लहान शरीराचा फायदा

आता थोडं शरीरशास्त्र. फिगर स्केटर हवेत साधारण पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ असते. तेवढ्यात तीन किंवा चार गिरक्या पूर्ण करायच्या, तर रस्ते दोनच: जास्त उंच उडायचं किंवा जास्त वेगाने फिरायचं. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात छातीशी घेतले की वेग वाढतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. शरीर जितकं अरुंद, तितकं ते पटकन फिरतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे खांदे आणि कंबर अरुंद असतात, वजनही कमी असतं. फार ताकद नसतानाही ती भिंगरीसारखी फिरते.

मग वयात येण्याचा काळ येतो. उंची वाढते, कंबर रुंदावते, अंगावर चरबी येते. ही चरबी आळसाची नाही. मासिक पाळीसाठी आणि पुढच्या आयुष्यासाठी ती हवीच असते. पण हात-पाय लांब झाल्यामुळे मेंदूने बसवलेला जुना अंदाज चुकतो आणि उचलायचं वजन वाढतं. स्नायूंची ताकद मागाहून येते, त्याला साधारण एक-दोन वर्षं लागतात. या मधल्या काळात खेळ घसरतो. तो बिघाड नसतो, वाढीतला टप्पा असतो. पण गुण देणारी पद्धत त्याच वयात जास्तीत जास्त गिरक्या मागू लागली, तर हा टप्पाच शत्रू वाटू लागतो.

बर्फावर नेमकं तसंच झालं. १९९८मध्ये तारा लिपिन्स्की १५व्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली आणि दोनच वर्षांत तिच्या खुब्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. २००२च्या ऑलिंपिकमधल्या पंचांच्या घोटाळ्यानंतर २००४पासून प्रत्येक घटकाला वेगळा गुण देणारी नवी पद्धत आली. हेतू पारदर्शकतेचा होता. पण उडीची किंमत आकड्यांत लिहिलेली असल्यामुळे प्रशिक्षकांना हिशोब सोपा झाला. २०१८मध्ये रशियाच्या अलेक्झांड्रा त्रुसोवाने १३व्या वर्षी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत चार गिरक्यांच्या दोन उड्या मारल्या. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने एकाच सादरीकरणात अशा पाच उड्या उतरवल्या. तिला रौप्य मिळालं. सुवर्ण तिच्याच संघातल्या अ‍ॅना शेरबाकोवाला मिळालं. दोघी १७ वर्षांच्या होत्या आणि त्यानंतर दोघींपैकी कुणीही पुढचं ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवून सलग खेळत राहिली नाही.

डॉक्टरांनाही उशिरा कळलं

या कहाणीत आमच्या व्यवसायाचाही दोष आहे. खेळाडू मुलीची पाळी थांबणं म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण, असं बराच काळ मानलं जाई. डॉक्टरही त्याकडे काणाडोळा करत.

१९८४मध्ये अमेरिकेतल्या बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाळी थांबलेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ महिला खेळाडूंची तुलना होती. पाळी थांबलेल्या खेळाडूंचं सरासरी वय २५ होतं, पण त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता ५१ वर्षांच्या बाईइतकी निघाली. खेळाने हाडं मजबूत होतात हे खरं, पण पाळी चालू ठेवणारं इस्ट्रोजेन कमी पडलं तर तो फायदा पुसला जातो.

१९९२मध्ये अपुरा आहार, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं या त्रिकुटाला वैद्यकशास्त्रात नाव मिळालं. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी याची व्याप्ती वाढवून 'रेड-एस' ही संकल्पना मांडली. घरखर्चाच्या भाषेत सांगायचं, तर मिळकत कमी आणि खर्च जास्त. सरावात ऊर्जा संपते, ताटात ती परत येत नाही. मग शरीर एकेक खर्च बंद करतं: आधी पाळी, मग हाडांची डागडुजी, मग प्रतिकारशक्ती. मुलीचं वजन अगदी कमी दिसत नसलं तरी हे होऊ शकतं.

वयात येण्याचा काळ हाडांच्या बचतीचाही असतो. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या सुमारच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या एकूण हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा तयार होतो. हा काळ उपाशी गेला, तर तूट पुढे पूर्ण भरून काढणं कठीण असतं.

आपला दोर

आता घराकडे येऊ. आपल्या मल्लखांबाचा इतिहास बर्फावरच्या खेळापेक्षा जुना आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी या विद्येला नवं रूप दिलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगासमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. मुली मुख्यतः दोरीवर आल्या. २०१९मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२१चा अर्जुन पुरस्कार हिमानी परब या मुंबईकर मल्लखांबपटूला मिळाला.

मल्लखांबातल्या 'उडी'चा अर्थ बर्फावरच्या उडीपेक्षा वेगळा आहे. इथे उडी मारायची ती खांब पकडण्यासाठी. पुढे अढी, तेढी, फरारा आणि आसनं. दोरीवर तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर पकडून, अंगाभोवती वेढे घेत, हवेत पद्मासन किंवा नटराजासन लावायचं आणि स्थिर राहायचं. अवघड प्रकाराला गुण आहेत, तसेच सफाईला आणि डौलालाही आहेत. सबंध कसरतीत जमिनीवर आदळण्याचा प्रसंग मुख्यतः शेवटी, उतरताना येतो. म्हणून दर उडीला अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार एकाच पायावर येण्याचं स्केटिंगमधलं संकट इथे कमी आहे.

पण स्वतःचं वजन हातांनी वर खेचायचं असल्यामुळे "वजन कमी कर" हा सल्ला इथेही चटकन दिला जातो. सोबत जिम्नॅस्टिक्स, स्केटिंगची चाकं किंवा नृत्याचा क्लास असेल, तर आदळण्याचा भारही येतोच. म्हणजे खेळ आपला असला तरी शरीराचा हिशोब तोच राहतो.

डौल म्हणजे लहान, सडपातळ शरीर, ही समजूतही फार जुनी नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं. पुढच्या वेळी गेलात तर भिंतींवरच्या स्त्रीमूर्ती मुलीला दाखवा. त्या शिल्पकाराच्या मनातला डौल पूर्ण वाढ झालेल्या बाईचा होता.

नियम बदलला, मग काय झालं?

जून २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने महिलांच्या वरिष्ठ स्पर्धांसाठीचं किमान वय १५वरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं. उड्या संपतील, खेळ मागे जाईल, असं काहींना वाटलं. जपानच्या काओरी साकामोतोने २०२२ ते २०२४ अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदं मिळवली. तिच्याकडे चार गिरक्या नव्हत्या, ट्रिपल ॲक्सलही नव्हती. पण तिचा वेग आणि मोकळी, उंच, सहज उतरणारी उडी पाहण्यासारखी होती.

मला अलिसा लिऊची गोष्ट जास्त आवडते. ही अमेरिकन मुलगी १३व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी चार गिरक्यांची उडी मारणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. १६व्या वर्षी ती खेळ सोडून गेली. दोन वर्षं सामान्य मुलीसारखी राहिली आणि २०२४मध्ये स्वतःच्या इच्छेने परतली. मार्च २०२५मध्ये बॉस्टनला १९व्या वर्षी ती जागतिक विजेती झाली. त्या सादरीकरणात चार गिरक्या नव्हत्या, ट्रिपल ॲक्सल नव्हती. तरुण बाईच्या ताकदीने मारलेल्या स्वच्छ तिहेरी उड्या होत्या, आणि चेहऱ्यावर आनंद होता.

त्या आईंना मी हेच सांगितलं: खेळ संपत नाही, बदलतो. मधली एक-दोन वर्षं धीर धरावा लागतो.

पालकांनी काय पाहावं?

• वयाची १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. "खेळते म्हणून" असं समजून थांबू नका.
• हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं, उडीने वाढणारं किंवा रात्री जागं करणारं दुखणं अंगावर काढू नका. हाडावरच्या ताणाच्या सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो.
• वारंवार आजारपण, सतत थकवा, चिडचिड, जेवण टाळणं या खुणा एकत्र दिसल्या तर विचारपूस करा.
• सरावाआधी आणि नंतर खाणं हवंच. केळं, शेंगदाण्याचा लाडू, दूध, अंडं, उसळ-पोळी, नाचणीची भाकरी चालेल. महागड्या पावडरींची सहसा गरज नसते. हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या.
• उंची भराभर वाढत असताना अवघड उड्यांची संख्या कमी करा. त्या वेळेत ताकद, तोल, लवचिकता आणि सादरीकरणावर काम होऊ शकतं. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी.
• मुलीच्या वजनाबद्दल सगळ्यांसमोर बोलू नका, आणि कुणी बोललं तर त्यांना नम्रपणे थांबवा.

त्या मुलीच्या एमआरआयमध्ये नडगीच्या हाडावर ताण दिसला, पण मोड नव्हती. सहा आठवडे उड्या बंद ठेवल्या. आहारतज्ज्ञांनी ताट वाढवलं. पाळी थांबण्याची दुसरी कारणं नाहीत ना, हे रक्ततपासणीतून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. आता ती पुन्हा दोरीवर चढते. काही प्रकार अजून जमत नाहीत, पण नटराजासन पूर्वीपेक्षा जास्त वेळ स्थिर राहतं, असं तिनेच मला सांगितलं.

तुमच्या मुलीबद्दल अशी काही शंका असेल, तर संकोच न करता आपल्या डॉक्टरांशी बोला.