अर्ताशेसचे दगड आणि 'अविश्वसनीय' साधन

सिनॉप्सिसमध्ये 'साधनांची विश्वासार्हता' असा एक परिच्छेद असतो. तुम्हालाही तो लिहावा लागेल. बहुतेक जण तो शेवटच्या रात्री उरकतात, मीही उरकला होता. एका ग्रंथापुढे 'अविश्वसनीय, फक्त पुराणकथांसाठी उपयोगी' असं लिहून मोकळी झाले. गाईडनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "यातलं कुठलं वाक्य अविश्वसनीय आहे?" मला उत्तर देता आलं नाही. मग पुढचे चार महिने त्यातच गेले.

तो ग्रंथ म्हणजे मोव्सेस खोरेनात्सी याचा आर्मेनियाचा इतिहास. आर्मेनियन लोक त्याला आपल्या इतिहासाचा जनक मानतात. आर्मेनियाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मेस्रोप माश्तोत्सने लिपी तयार केली ती इ. स. ४०५च्या सुमारास. म्हणजे त्याआधीच्या देवांच्या, राजांच्या कथा आर्मेनियन भाषेत होत्या त्या फक्त तोंडी. गोघ्तन भागातले गायक जी गाणी म्हणत, त्यातले तुकडे खोरेनात्सीने लिहून ठेवले. वाहाग्न देवाचा जन्म आज आपल्याला माहीत आहे तो त्याच्यामुळेच.

मग अडचण काय? तो स्वतःला माश्तोत्सचा शिष्य म्हणवतो, म्हणजे पाचव्या शतकातला. पण त्याचं इंग्रजी भाषांतर करणारे रॉबर्ट थॉमसन (१९७८) आणि इतर अनेक अभ्यासक त्याला आठव्या शतकात ढकलतात. ग्रंथ लिहून घेणारा आश्रयदाता सहाक बाग्रातुनी, आणि ग्रंथात बाग्रातुनी घराण्याचे पूर्वज जिथे तिथे राजे वाचवताना दिसतात. हे घराणं खरं वर आलं ते नंतरच्या काळात. (आश्रयदात्याचे पणजोबा फार शूर निघाले की कान टवकारायचे, हे कुठल्याही बखरीला लागू.) पाचव्या शतकाच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत, वाद मिटलेला नाही. मी मात्र थॉमसन वाचले आणि निकाल देऊन टाकला.

आता त्यातली एक गोष्ट बघा. खोरेनात्सी म्हणतो, राजा अर्ताशेसने गावांच्या आणि शेतजमिनींच्या हद्दी ठरवून दिल्या आणि त्यांवर चौकोनी दगड रोवायला लावले. वाचताना मला हे 'आदर्श राजा'चं ठरीव वर्णन वाटलं. न्यायी राजा म्हटला की त्याने विहिरी खोदल्या, झाडं लावली, तसंच हे.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सेवान तळ्याच्या परिसरात आणि पुढे इतरही ठिकाणी हे दगड खरंच सापडत गेले. त्यांवरचा मजकूर अरमाईक लिपीत आहे, कारण आर्मेनियन लिपी तेव्हा नव्हतीच. राजाचं नाव अर्ताशेस, काळ इ. स. पू. दुसरं शतक, आणि काही दगडांवर गावांमध्ये जमीन वाटून दिल्याचा उल्लेख आहे. खोरेनात्सीला आपण पाचव्या शतकात ठेवलं तरी मध्ये सहाशे वर्षं जातात, आठव्यात ठेवलं तर नऊशे. तरीही वाक्य बरोबर!

इथे उडी मारून 'खोरेनात्सी खरा ठरला' असं म्हणू नका. कारण त्याच दगडांवर राजा स्वतःला झारेहचा मुलगा आणि येरवंदुनी म्हणजे येरवंद घराण्यातला म्हणवतो. खोरेनात्सीच्या कथेत तो सनात्रुकचा मुलगा आहे, पार्थियन अर्शाकुनी वंशाचा. आणि येरवंद? तो तर त्याचा वैरी, त्याच्या भावंडांना मारणारा, गादी बळकावणारा. लहानग्या अर्ताशेसला वाचवतो कोण, तर एक बाग्रातुनी. म्हणजे दगड बरोबर आणि बाप चूक, दोन्ही एकाच माणसाबद्दल.

असं का झालं असेल? माझा अंदाज असा: दगड शेतात उभे होते. बांधावरचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेव्हा दगड कोणी लावला याची आठवणही त्यासोबत टिकली. पण त्यावरची अक्षरं वाचणारं कोणी उरलं नाही. बापाचं नाव त्या अक्षरांत अडकून पडलं, आणि ती मोकळी जागा नंतरच्या लोकांनी आपापल्या सोयीने भरली.

काळाचीही सरमिसळ आहे. अर्ताशेस अलान राजकन्या सतेनिकवर सोन्याची कडी लावलेला तांबडा चामड्याचा फास टाकून तिला पळवतो, ही त्या गाण्यांतली सगळ्यात लाडकी कथा. (खोरेनात्सी लगेच समजावतो की फास वगैरे काही नाही, लाल चामडं आणि सोनं हा वधूमूल्याचा भाग होता. मला तो इथे फार आवडतो.) पण अलानांची आर्मेनियावरची मोठी स्वारी इ. स. पहिल्या शतकातली. योसेफसने तिचं वर्णन केलंय, आणि तिथे फास अलान टाकतात, आर्मेनियाचा राजा तिरिदातेस त्यात जवळजवळ सापडतो. अडीचशे वर्षांचं अंतर गाण्याने गिळलं आणि फास या हातातून त्या हातात गेला.

मग मी दगडाच्या बाजूला गेले. पुरालेख तरी खरं बोलतो, असं वाटलं. पण स्ट्रॅबो लिहितो की अर्ताक्सियास (म्हणजे आपला अर्ताशेस) आणि झारिआद्रिस हे दोघे सेल्युकिड सम्राट तिसऱ्या अँटायोकसचे सेनापती होते आणि रोमनांनी त्याचा पराभव केल्यावर स्वतंत्र राजे झाले. मॅग्नेशियाची ती लढाई इ. स. पू. १९०ची. आता विचार करा, कालचा सेनापती आज राजा झालाय. जुन्या राजघराण्याचं नाव लावण्याची गरज त्याच्याइतकी कोणाला असेल? 'येरवंदुनी' हा वंश असेल किंवा दावाही असेल. दगडालाही आश्रयदाता असतो, आणि इथे तो खुद्द राजाच आहे.

माझा परिच्छेद आता दीड पानांचा झालाय. 'अविश्वसनीय' हा शब्द गेला. त्या जागी हद्दींचा उल्लेख, वंशावळ, सतेनिकची कथा आणि बाग्रातुनींची कामगिरी असे चार वेगळे भाग केले आणि प्रत्येकापुढे तपासायला दुसरं साधन कुठलं, ते लिहिलं. गेल्या आठवड्यात गाईडना दाखवला. त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली. या वेळी रेघ 'झारेहचा मुलगा' याखाली होती आणि समासात प्रश्न: हा झारेह आणि स्ट्रॅबोचा झारिआद्रिस एकच, हे तू कशावरून धरलंस?