बाक डांगचे खांब
* बाक डांगचे खांब : उत्तर व्हिएतनाममधील बाक डांग नदीच्या मुखाशी इ. स. ९३८मध्ये व्हिएतनामी सेनापती न्गो क्वेनने लोखंडी टोकांचे लाकडी खांब पात्रात रोवले. भरतीत ते बुडाल्यावर त्याच्या हलक्या होड्यांनी हूल देऊन दक्षिण हान या चिनी राज्याचे आरमार आत ओढले. ओहोटी लागताच जड जहाजे खांबांवर अडकून फुटली. इ. स. पू. १११पासूनचा, अधूनमधून उठावांनी खंडित झालेला चिनी अंमल या विजयाने संपला असे मानतात. ९३९मध्ये न्गो क्वेन राजा झाला. राजधानी को लोआ. पुढे १२८८मध्ये व्हिएतनामी सेनापती चन हुंग दाओने याच नदीत हाच डाव मंगोल आरमारावर टाकला. — संपा.