क्वाड बाईक : डोंगरसहलीतील चारचाकी

मनालीजवळच्या सोलांग खोऱ्यात किंवा लोणावळ्याच्या परिसरात सहलीला गेलेल्या कुटुंबांना हँडल असलेली, जाडजूड टायरांची, चार चाकांची एक बुटकी गाडी हमखास दिसते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एटीव्ही, तर बोलण्यात क्वाड बाईक म्हणतात. ती दिसते खेळण्यासारखी आणि चालते अंगठ्याने खटका दाबताच. या सोपेपणामुळेच तिच्याविषयी गैरसमज फार आहेत.

या वाहनाचा प्रारंभ तीन चाकांपासून झाला. हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावते, म्हणून होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली. १९८०च्या दशकाच्या आरंभी सुझुकीने चारचाकी रूप आणले. तीनचाकी उलटण्याचे प्रकार वाढल्यावर १९८८ साली अमेरिकेत सरकार व उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड होऊन तिची विक्री थांबली. मोठ्या, म्हणजे ९० सीसीहून अधिक क्षमतेच्या गाड्या १६ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, हा दंडकही त्याच तडजोडीतून रूढ झाला.

चार चाके आहेत म्हणजे गाडी स्थिर, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. क्वाड बाईकचा पाया अरुंद आणि गुरुत्वमध्य उंच असतो. टायरांतील हवेचा दाब मोटारीच्या टायरांच्या मानाने फारच कमी असतो. त्यामुळे चिखलात, वाळूत पकड मिळते, परंतु डांबरी रस्त्यावर गाडी विचित्र वळते. अनेक गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर, एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. ते जमले नाही की गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून चालकाला आपले वजन सतत हलवावे लागते : चढावर पुढे, उतारावर मागे, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला. अर्ध्या चढावर गाडी थांबली तर तिथेच वळविण्याचा मोह टाळावा. गाडी कोलांटी खाण्याचा धोका अशा वेळी मोठा असतो. प्रौढांच्या कामाच्या गाडीचे वजन अडीचशे-तीनशे किलो असते. ती अंगावर आली तर एकट्या माणसाला उचलून सुटणे कठीण.

कुटुंबाच्या सहलीत खरी अडचण येथेच येते. वडिलांनी गाडी चालवावी, लहानग्याला पुढे आणि आईला मागे बसवावे, छायाचित्र काढावे, हे दृश्य नेहमीचे. एकट्यासाठी बनविलेल्या गाडीची लांब बैठक दुसऱ्या माणसासाठी नसून चालकाला मागे-पुढे सरकता यावे म्हणून असते. तिच्यावर तिघे बसले की वजन हलविण्यास जागाच उरत नाही. दोघांसाठी बनविलेल्या गाड्या वेगळ्या असतात; त्यांना मागे टेकण व पकडण्यास दांडे असतात. मुलांना लहान क्षमतेची, वेग मर्यादित करता येणारी गाडी मिळत असेल तरच, मोठ्यांच्या नजरेखाली चालवू द्यावी. हनुवटीखाली पट्टा बसणारे योग्य मापाचे हेल्मेट आणि बंद बूट यांविना बसू नये. चपला घालून बसणारे पर्यटक पाहिले की खरोखर नवल वाटते.

ऑस्ट्रेलियात, जेथे शेतावर या गाड्या सर्रास वापरतात, ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या गाडीला उलटल्यावर चालकाला वाचविणारी कमान बंधनकारक आहे. होंडा व यामाहा यांनी ही अट न मानता तेथील क्वाड बाईकची विक्रीच सोडली. भारतात बहुतेक क्वाड बाईक रस्त्यावरील वाहन म्हणून नोंदविलेल्या नसतात, त्यामुळे त्या आखलेल्या मार्गावरच चालवाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी विम्याची चौकशी करणे आणि ब्रेक स्वतः दाबून पाहणे यात कमीपणा नाही.

आपल्याकडे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. सह्याद्रीतील सडे वरून उघडेबोडके वाटले, तरी कातळावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत पावसाळ्यात सीतेची आसवे यांसारखी इवली रोपे फुलतात. या चाकांचे चर त्या पातळ थरावर उमटले की माती वाहून जाते आणि पुढच्या श्रावणात तेथे उरतो तो केवळ कातळ.