ऐकणे म्हणजे काय?

आपल्याकडे आई वैतागून म्हणते, "हा पोरगा माझं अजिबात ऐकत नाही." पोराच्या कानात दोष नसतो. त्याला शब्द न् शब्द कळलेला असतो, फक्त तो उठत नाही. मराठीतलं 'ऐकणं' असं दुहेरी आहे. गंमत अशी की हिब्रूतलं 'शमा' हे क्रियापदही अगदी तसंच आहे. कानांनी ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे, दोन्ही त्यात आलं. ज्यूंची मुख्य प्रार्थना याच शब्दाने सुरू होते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', पिढ्यान् पिढ्या बाकी धर्मबांधवांपासून तुटलेले होते. परंपरा सांगते की बरंचसं विसरलं, पण 'शमा' टिकलं.

हे आठवायचं कारण म्हणजे जुन्या करारातले संदेष्टे. ही माणसं लोकांना ऐकवायला गोष्टी सांगत. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पुढे धाडलं. नाथान दरबारात गेला, पण त्याने आरोप केला नाही. एका गरिबाची एकुलती एक मेंढी शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली, एवढीच गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्याने शिक्षाही ठोठावली. मग नाथानने सांगितलं की तो श्रीमंत म्हणजे तूच. दावीद खऱ्या अर्थाने 'ऐकला' तो त्या क्षणी.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यशयाने यरुशलेममध्ये हेच केलं. त्याने द्राक्षमळ्याचं गाणं म्हटलं. मालकाने दगड वेचले, उत्तम वेल लावले, आणि आले काय, तर रानटी घोस! तुम्हीच निवाडा करा, असं लोकांना म्हणून शेवटी त्याने उलगडा केला, की मळा म्हणजे तुम्ही. लगेच पुढे शेताला शेत जोडत सगळी जमीन गिळणाऱ्यांना त्याने फटकारलं आहे.

पण आम्हा परभणीकरांना जास्त जवळचा वाटावा असा त्याचा दृष्टांत अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. कान देऊन ऐका, असं बजावून तो थेट शेतात शिरतो. शेतकरी काय बारा महिने नांगरतच बसतो? रान तयार झालं की पेरतो. कलौंजी आणि जिरं काठीने झोडपतो, त्यावर गाडा फिरवत नाही. गव्हावर फिरवतो, पण तोही कायमचा नाही, दाण्याचं पीठ होईपर्यंत नाही. ही अक्कल त्याला देवानेच दिली, असं यशया म्हणतो. आमच्या काळ्या रानातल्या ज्या म्हाताऱ्यांनी खळं पाहिलंय, त्यांना याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. मळणी दाण्यासाठी असते, दाणा चिरडायला नसते. संकटात सापडलेल्या माणसांना हे सांगणं म्हणजे केवढा धीर!

आपल्या गोदाकाठीही ही रीत होती. गोदावरी पैठणहून पाथरी, गंगाखेडकडे येते. तिच्या या खोऱ्यात तेराव्या शतकात चक्रधरस्वामी फिरले. त्यांचे 114 दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त गुंफले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा रोख कुठे आहे ते. हत्तीचा पाय चाचपून खांब म्हणणारे आणि कान चाचपून सूप म्हणणारे आंधळे त्यात आहेत. आणि हे सगळं मराठीत, कारण साध्या बायाबापड्यांना कळायला हवं, हा नागदेवाचार्यांचा आग्रह. पुढे हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना मुकेच राहिले. त्याच तेराव्या शतकाच्या आगेमागे गंगाखेडात जनाबाई जन्मली. तिला देव सापडला तो जात्यापाशी, शेणी वेचताना.

मला दोन्हीकडे एकच धोका दिसतो. आंधळ्यांची गोष्ट ऐकून आपण हसतो, श्रीमंतावर चिडतो, आणि घरी जातो. गोष्टीतला दार्ष्टांतिक दर वेळी कुणी ग्रंथकार लिहून देत नाही. शेजाऱ्याची मेंढी, बांधावरचं चार फूट रान, भावाचा हिस्सा, ही नावं ज्याची त्यानेच भरायची असतात. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आहे ते बहुधा म्हणूनच. सगळ्यात सोपं वाटतं, आणि तिथेच आपण अडतो.

असो. कीर्तनाला गेलात तर यावेळी बुवा कुणाबद्दल बोलताहेत ते शोधू नका. आपल्याबद्दलच बोलताहेत असं धरून बघा.