ठिगळांची वंशावळ

आमच्या आयटीच्या धंद्यात 'पॅच' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. सॉफ्टवेअरला कुठे भोक पडलं की पॅच मारायचा आणि पुढे चालायचं. मराठीत त्यालाच ठिगळ म्हणतात, पण ठिगळ म्हटलं की आपल्याला पहिली आठवते ती गरिबी. म्हणूनच इंग्लंडच्या पॅचवर्कचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला गंमत वाटली, कारण त्याच्या जुन्या खुणा झोपडीत नाही तर हवेलीत सापडतात. आणि मंडळी, त्यातल्या एका फार प्रसिद्ध खुणेचं कापड चक्क आपल्याकडचं आहे!

कम्ब्रियातल्या लेव्हन्स हॉलमध्ये पलंगाचे पडदे आणि रजई आहे, परंपरेने त्यांचं साल १७०८ सांगतात. ती हिंदुस्थानी चिटाच्या तुकड्यांची आहे. आजीच्या तोंडी असायचं ना 'चिटाचं कापड', तेच हे चीट. इंग्रजांनी त्याचं 'चिंट्झ' केलं. धुतलं तरी रंग न जाणारं सुती कापड इथल्या लोकांनी त्याआधी फारसं पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे बायका त्यावर तुटून पडल्या आणि इथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांच्या पोटावर पाय आला. १७०१ पासून अशा छापील-रंगीत कापडाची इथे विकण्यासाठी आयात बंद झाली. तरी ते येतच राहिलं. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफिल्ड्समधले विणकर रस्त्यावर उतरले, चिटाचे कपडे घातलेल्या बायकांना गाठून अंगावरचे कपडे फाडू लागले, शाई फेकू लागले. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून क्लायंटकडे जाताना हा भाग लागतो. आता तिथे कॉफीची दुकानं आहेत. पुढे १७२१ च्या कायद्याने असं कापड वापरण्यावरच बंदी आली, अंगावर दिसलं तर पाच पौंड दंड. इथेच बनलेल्या छापील सुती कापडापुरती ही बंदी उठायला १७७४ साल उजाडलं. असं कापड ज्या घरात असेल तिथली बाई त्याची चिंधी तरी कशी टाकेल? तुकडा जपला जायचा तो मोलाचा म्हणून.

या कलेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र कापड नाही, कागद आहे. इंग्रजी पद्धतीत कागदाचे षट्कोन, चौकोन कापतात, त्यावर कापड दुमडून टाचतात आणि मग तुकडे एकमेकांना शिवतात. कागद म्हणजे घरात पडलेला रद्दीचा कागद: पत्रं, बिलं, हिशेबाची पानं, पोरांचे शुद्धलेखनाचे कित्ते. काम पूर्ण झालं की कागद काढायचे, पण पुष्कळदा ते आतच राहतात. १७१८ साल घातलेलं एक रेशमी आच्छादन इथल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात आहे, त्याच्या आतही कागद आहेत. कागदावर तारीख सापडली तर तो तुकडा त्याआधी शिवलेला नाही हे पक्कं! आम्ही ज्याला मेटाडेटा म्हणतो तो असा दोन-तीनशे वर्षं अंथरुणात झोपून राहिलेला.

शिवणारे सगळे बायकाच होते असंही नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सैनिकांनी दारू-जुगाराऐवजी सुई धरावी असा प्रयत्न झाला. क्रिमियाच्या युद्धात डोक्याला जखम झालेला प्रायव्हेट थॉमस वॉकर इस्पितळातल्या खाटेवर बसून लाल-काळ्या-पिवळ्या तुकड्यांची रजई शिवतोय, असं १८५६ चं थॉमस वुडचं चित्र आहे. तुकडे गणवेशाच्या जाड लोकरीचे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अशीच एक रजई फ्रान्सिस ब्रेली या सैनिकाच्या नावाने आहे. १८६४ ते १८७७ या काळात त्याची पलटण हिंदुस्थानात होती. हिंदुस्थानात शिवलेल्या अशा काही रजयांवर बारीक मणीही लावलेले दिसतात. ते पाहून मला आपलं रुखवत आठवलं, मण्यांचे पोपट आणि मण्यांचं तोरण. पलटणीच्या एखाद्या देशी शिंप्याचा हात त्याला लागला असेल का, असं उगीच मनात येतं.

पण मला थांबवलं ते चांगीच्या रजयांनी. १९४२ मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी कोंडलेल्या बायकांनी प्रत्येकी एक चौकोन भरला आणि त्यावर आपलं नाव घातलं. जखमी सैनिकांसाठी म्हणून त्या बाहेर गेल्या. खरा निरोप पलीकडे कैदेत असलेल्या नवऱ्यांसाठी होता: आम्ही जिवंत आहोत. त्यातली एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे, दोन ऑस्ट्रेलियात.

आपल्या गोधडीवर नाव नसतं. लुगडी-धोतरांचे थर एकावर एक, वरून ओळीने धावदोरा, विरली की तिच्यावरच नवा थर. वापरून संपवायचीच वस्तू ती, जपायची कुणी? आमच्याकडे कराडहून आणलेली एक आहे, आईने शिवलेली. गेल्या वर्षी कडा विरल्या म्हणून बायकोने एक बाजू उसवली, तर आत आणखी एक गोधडी निघाली! इरकलीचा लाल काठ, पिठाच्या कापडी पिशवीवरचा निळा पुसट शिक्का, खणाचे दोन तिकोने, कुणाचं तरी धोतर. मी फोटो काढून आईला पाठवले. तिचं वय ७९.

"अरे, ते इरकली आत्याबाईंचं," ती म्हणाली. आई सासूला आत्याबाई म्हणायची. "आणि खण माझ्या डोहाळजेवणाच्या चोळीचा. तू पोटात होतास."

हे सांगणारं दुसरं माणूस आता आमच्या घरात उरलेलं नाही. म्हणून चार रविवार आम्ही फोन लावून बसलो. मुलीने सुती पट्टीवर पक्क्या शाईने लिहिलं: कुणाचं, गाव, साधारण साल. 'इरकली'ची वेलांटी चुकली आहे, ती तशीच ठेवली. पट्टी आतल्या बाजूला शिवली. झडून पडलेल्या खणाच्या चिंध्या तिने पुठ्ठ्याच्या चकत्यांवर गुंडाळल्या, मधे काळे मणी ओवून गळ्यातलं केलं आणि मंडळाच्या दिवाळीला घातलं. तो फोटो पाहून आई आधी म्हणाली, "ठिगळं गळ्यात घालतात होय गं?" मग विचारलं, मला एक करशील का?

सगळ्यात खालच्या थरात निळ्या चौकड्यांचा एक हातभर तुकडा आहे. तो कुणाचा, ते आईलाही आठवत नाही. पट्टीवर त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे.