ई-कॅडहेरिन: पेशी जोडणाऱ्या रेणूची कुळकथा

मूत्राशय लघवीने तट्ट फुगले तरी त्याचे आतले अस्तर उसवत नाही, कारण शेजारच्या पेशींनी एकमेकींना घट्ट धरलेले असते. ही पकड ज्या प्रथिनांमुळे टिकते, त्यांत ई-कॅडहेरिन प्रमुख. त्याचा माग लागला तो प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिनच्या द्रावणामुळे.

१९७०च्या दशकात मासातोशी ताकेइची क्योटोहून अमेरिकेतील कार्नेगी संस्थेत गेले. ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी क्योटोत काही वेळाने पुन्हा एकत्र येत. अमेरिकेत काही केल्या येईनात. तिथल्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम धरून ठेवणारे ईडीटीए मिसळलेले होते, क्योटोतल्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियम आहे तोवर पेशीवरचे एक प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेतले की त्या प्रथिनाचा फडशा पडतो. या कामावरचा निबंध १९७७मध्ये आला आणि १९८४मध्ये प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले. दरम्यान पॅरिसच्या प्रयोगशाळेत तेच प्रथिन युव्होमोरुलिन झाले होते, कोंबडीच्या यकृतात एल-कॅम, आणि माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्यांकडे सेल-कॅम १२०/८०. या शेवटच्या नावातले आकडे पुढे कामी आले: १२० किलोडाल्टनचे अख्खे प्रथिन, ८०चा त्याचा तुटून सुटणारा तुकडा.

१९९१मध्ये प्रयोगांतून दिसले की ई-कॅडहेरिन गमावलेल्या कर्करोगपेशी आजूबाजूच्या ऊतीत शिरतात आणि त्याचे जनुक परत दिल्यास त्यांना आवर बसतो. मूत्राशयाच्या गाठींकडे लक्ष वळणे ओघानेच आले. तिथे रोग वरच्या थरापुरता आहे की स्नायूत उतरला आहे, यावर सगळे उपचार ठरतात. १९९३मध्ये डच संशोधकांनी ई-कॅडहेरिन घटणे आणि रुग्ण कमी काळ जगणे यांचा संबंध दाखवला.

तपासणी बायोप्सीच्या पातळ कापांवर होते. ई-कॅडहेरिनला चिकटणारे प्रतिपिंड लावून रंग चढवला की निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते आणि सगळा काप मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. आक्रमक गाठीत ही रेघ तुटक होते, रंग पेशीच्या आत पसरतो किंवा उमटतच नाही. अडचणही इथेच आहे. कर्करोगाच्या बहुतेक खुणा वाढल्या की दिसतात, ही मात्र नाहीशी होण्याने बोलते. आणि किती फिकट म्हणजे कमी, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते.

मग ८० किलोडाल्टनचा तो सुटा तुकडा लघवीत मोजून पाहिला गेला. पण तो निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतो, त्यामुळे मूत्राशयात दुर्बीण घालून होणाऱ्या तपासणीची जागा त्याला घेता आली नाही. पक्के यश मिळाले ते एका विरळ प्रकारात. प्लाझ्मासायटॉइड गाठीच्या पेशी एकेकट्या विखरून पसरतात. २०१६मध्ये अशा ८४ टक्के गाठींत ई-कॅडहेरिनचे सीडीएच१ जनुक निकामी झाल्याचे आढळले.

पेशी जोडण्याच्याच कामाचे दुसरे प्रथिन, नेक्टिन-४, उलट वागते: मूत्राशयाच्या बहुतेक कर्करोगांत ते भरपूर असते. त्याला हेरून पेशीत विष पोचवणाऱ्या एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन या औषधाला डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.