क्वांटम सहसंबंध आणि गुंतणूक

क्वांटम सहसंबंध आणि गुंतणूक : दोन वा अधिक कणांची एकत्रित अवस्था, सुट्या कणांच्या अवस्था कशाही जोडून वा मिसळून उभी करता येत नसेल, तर ते कण गुंतलेले असतात. अभिजात आणि क्वांटम जगांमधली हद्द म्हणजे ही गुंतणूकच, असे सर्रास लिहिले जाते; ते बरोबर नाही. मुंबईचे जुने बेट जिथे संपे तिथल्या वस्तीला शीव, म्हणजे हद्द, हे नाव शोभले, पलीकडे साष्टी. या दोन जगांमध्ये मात्र अशी एकच शीव नाही. निदान तीन आहेत, आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

सर्वांत कडक हद्द बेलची. चपलांच्या जोडातली एक शीवला आणि दुसरी कुलाब्याला पाठवली, तर इथली डावी दिसताच तिथली उजवी हे कळते. मग नवल कसले, हा आक्षेप जुनाच. जॉन बेल यांनी 1964 मध्ये दाखवले की गुणधर्म चपलांसारखे आधीच ठरलेले असतील, तर सहसंबंधांना मर्यादा पडते. प्रयोगांत सोयीच्या रूपात ही मर्यादा 2 आहे; क्वांटम सिद्धांत 2.83 पर्यंत जातो, आणि प्रयोगांनी कौल त्यालाच दिला. यातून निरोप मात्र धाडता येत नाही, कारण कुलाब्यात काहीही मोजले तरी शीवच्या निकालांची टक्केवारी तसूभर हलत नाही. कण वाढले की ही तफावत विरेल, असे वाटणे साहजिक आहे. घडते उलटे. मर्मिन यांनी 1990 मध्ये, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी 1991 मध्ये अनेक कणांसाठी असमानता मांडल्या. मर्मिन यांच्या गणितात 3 कणांना मर्यादेच्या दुप्पट, 5 कणांना चौपट, 7 कणांना आठपट उल्लंघन निघते. ज्या अवस्थेत हे उल्लंघन मिळते ती फार नाजूक असते, एक कण हरवला की उरलेल्यांची गुंतणूक संपते, हे खरे. पण तो ती टिकवण्यातला अडथळा झाला, सिद्धांताची मर्यादा नव्हे.

दुसरी हद्द गुंतणुकीची. वेर्नर यांनी 1989 मध्ये दाखवले की गुंतलेल्या जोडीत गोंगाट मिसळून जोडीचा वाटा एक-तृतीयांश ते निम्मा यांच्या दरम्यान ठेवला, तर अवस्था गुंतलेली राहते, तरी साध्या मापनांनी बेलची मर्यादा ओलांडत नाही. तिसरी हद्द अभिजात जगाच्या याहूनही जवळ आहे. ऑलिव्हिये व झुरेक यांनी 2001 मध्ये मांडलेला ‘डिस्कॉर्ड’, म्हणजे एका बाजूचे मापन केल्यावर हरवणारा सहसंबंधाचा भाग, गुंतणूक शून्य असतानाही उरू शकतो. त्याचे भूमितीय माप, म्हणजे डिस्कॉर्ड नसलेल्या सर्वांत जवळच्या अवस्थेपासूनचे अंतर, काढणे अवघड. अली सैफ हसन, बेहजाद लारी आणि पुणे विद्यापीठातील प्रमोद जोग यांनी 2012 मध्ये कोणत्याही द्विघटक अवस्थेसाठी त्याची खालची मर्यादा दिली. त्याच वर्षी पियानी यांनी गंभीर दोष दाखवला : ज्या बाजूचे मापन होत नाही तिथे नुसता एक असंबद्ध कण आणून ठेवला किंवा काढला, तरी हे माप बदलते. यावरून डिस्कॉर्डच पोकळ ठरवणे घाईचे होईल. दोष अंतर मोजण्याच्या पट्टीत आहे. एंट्रॉपीवर आधारलेल्या मूळ व्याख्येला तो लागत नाही. शिवाय डिस्कॉर्ड दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. म्हणून त्याचा आकडा वाचताना मापन कोणत्या बाजूचे आणि पट्टी कोणती, ते आधी पाहावे.